कशावरून बाई

विभागप्रमुखांनी बोलावलं तेव्हा धाकट्या सरांना वाटलं, आपलं कौतुक करायलाच बोलावलं असणार. नोकरीला लागून दीड वर्ष झालं होतं. अजून कायम व्हायचे होते, पण कृत्रिम बुद्धिमत्तेचा त्यांचा तास म्हटला की पदव्युत्तर वर्गाची मुलं दारापर्यंत उभी राहून ऐकायची. 'धाकटे' हे नाव मुलांनीच पाडलेलं. सगळ्या विभागात वयाने तेच लहान होते, आणि दाढी वाढवूनही त्यात काही फरक पडला नव्हता.

प्रमुखांनी चष्मा कपाळावर सरकवला. "यंदापासून तुमचा विषय आणि सायबर सुरक्षा एकत्र शिकवायचं ठरलंय. अभ्यासक्रम एक, वर्ग एक, आणि दोन शिक्षक एकाच वेळी फळ्यासमोर."

"दुसरं कोण, सर?"

"बाई."

धाकट्या सरांनी कौतुकाची आशा तिथेच सोडली.

संस्थेत शिकवणाऱ्या बायका दहा-बारा होत्या, पण त्या सगळ्या मॅडम. 'बाई' म्हटलं की एकच. वय अठ्ठावन्न, निवृत्तीला दोन वर्षं. बारीक चण, आखूड केस, खांद्याला कापडी पिशवी आणि पिशवीत मुलांचे तपासायचे अहवाल. नावामागे डॉक्टर नाही, बैठकीत बसायची जागा दाराजवळची. तरी भले भले प्राध्यापक त्यांना बघून जिना बदलायचे. कारण एकच शब्द. कुणी काहीही छातीठोकपणे सांगितलं की बाई मान किंचित तिरकी करून विचारायच्या, "कशावरून?" रागाने नाही, खोचकपणे नाही, खरंच जाणून घ्यायचं असल्यासारखं. आणि तिथेच पंचाईत व्हायची. टोमण्याला उलट टोमणा मारता येतो, खऱ्या प्रश्नाला उत्तरच द्यावं लागतं. मुलं त्यांना पाठीमागे 'कशावरून बाई' म्हणायची, आणि ते त्यांना पक्कं ठाऊक होतं.

पहिला तास तिसऱ्या मजल्यावरच्या लॅबमध्ये झाला. बावीस संगणक, त्यातले दोन बंद, आणि कोपऱ्यात एसीचं पाणी ठिबकत असलेली बादली. धाकट्या सरांनी पहिल्याच दिवशी आपलं हुकमी अस्त्र बाहेर काढलं. फसव्या ईमेल ओळखणारं मॉडेल, हजारो ईमेल दाखवून शिकवलेलं. "शंभरातल्या अठ्ठ्याण्णव बरोबर ओळखतं," सर म्हणाले आणि थांबले. टाळ्यांसाठी जेवढं थांबतात तेवढं.

मागच्या बाकावरून आवाज आला, "कशावरून?"

"चाचणी घेतलीय, बाई."

"कुणी?"

"मीच."

"आणि प्रश्नपत्रिका कुणी काढली?"

वर्गात खसखस पिकली. बाई उठून पुढे आल्या. मॉडेलला शिकवायला वापरलेल्या ईमेल कुठून आणल्या, ते त्यांनी विचारलं. चांगल्या ईमेल संस्थेच्याच होत्या आणि फसव्या बाहेरच्या एका साठ्यातल्या. बाईंनी दहा मिनिटं नुसत्या ईमेल वाचल्या. मग स्वतः एक फसवी ईमेल टाइप केली, "आपले खाते आज बंद होत आहे, त्वरित पासवर्ड कळवा." मॉडेलने लगेच लाल खूण केली. बाईंनी त्याच ईमेलच्या तळाशी संस्थेचा पत्ता आणि 'कागद वाचवा' ही ओळ चिकटवली. संस्थेच्या प्रत्येक ईमेलखाली ती असायचीच. या वेळी हिरवी खूण आली.

"मॉडेल हुशार आहे, सर," बाई म्हणाल्या. "पण ते ईमेल वाचतच नाहीये. तळाचा पत्ता बघून सलाम ठोकतंय."

त्या संध्याकाळी सर घरी गेले ते धुमसतच. बायकोला म्हणाले, "भर वर्गात शोभा केली माझी."

"खोटं बोलल्या का त्या?"

"नाही."

"मग चहा गार होतोय," बायको म्हणाली.

सरांनी चार दिवस खपून मॉडेल दुरुस्त केलं. बाईंनी ते वीस मिनिटांत पुन्हा फसवलं. सरांनी परत दुरुस्त केलं. बाईंनी मुलांना हाताशी घेऊन तिसऱ्यांदा फसवलं. चौथ्या खेपेला मात्र सगळा तास संपला, घंटा झाली, तरी बाईंच्या हाती काही लागेना. त्यांनी खुर्ची मागे सरकवली आणि वर्गासमोर दोन्ही हात वर केले. "हरले! सर, या इकडे आणि हे कसं केलंत ते मला समजावून सांगा." आणि खरोखरच वही उघडून, पेन घेऊन, पहिल्या बाकावर मुलांच्या शेजारी जाऊन बसल्या. सर सांगत गेले आणि बाई लिहून घेत गेल्या. एके ठिकाणी अडल्या, तर संकोच न करता म्हणाल्या, "थांबा, हे परत सांगा, कळलं नाही." तीस वर्षांनी मोठ्या बाईंनी आपल्याला असं विचारावं याची सरांना सवय नव्हती. धुमसणं कधी विझलं ते त्यांचं त्यांनाही कळलं नाही.

तिथून पुढे तो वर्ग रंगायला लागला. अर्ध्या मुलांनी मॉडेल बांधायचं, अर्ध्यांनी ते फसवायचं, आणि पुढच्या आठवड्यात बाजू बदलायच्या. फळ्यासमोर दोन शिक्षक मुलांदेखत भांडायचे. सर म्हणायचे, यंत्र शिकतं ते चुकांमधूनच, चुकू द्या. बाई म्हणायच्या, तुमच्या यंत्राची चूक भोगणारा माणूस कुठे बसलाय तेवढं मला दाखवा. मुलं सांगायची, दोन स्वतंत्र विषय असते तर दोन्ही पाठ करून विसरलो असतो, या भांडणामुळे डोक्यात राहिलं.

एक गोष्ट मात्र मुलांना जाचक वाटायची. प्रत्येक प्रयोगाआधी बाई एक कागद भरून घ्यायच्या. त्यात तीनच ओळी असायच्या. यंत्र कुणाचं, त्याने हो म्हटलं का, आणि किती वाजेपर्यंत. खाली मालकाची सही. लॅबच्या संगणकावर काही करायचं तरी हाच कागद. एकदा सर तो विसरले, तर बाईंनी सगळ्या वर्गाला हाताची घडी घालून बसवलं. सर दोन मजले उतरून सही घेऊन आले तेव्हाच कळफलकाला बोट लागलं. मुलांनी त्याला 'बाईंचा पासपोर्ट' म्हणायला सुरुवात केली.

बाईंना जिन्याखालची खोली मिळाली होती. वरून कुणी गेलं की छतातून पावलं ऐकू यायची. एका दुपारी तिथे अहवाल तपासता तपासता सरांनी विचारलं, "बाई, तुम्ही या विषयाकडे वळलात कशा?"

"वायरी धरून," बाई हसल्या. मग त्यांनी थर्मासमधला चहा दोन पेल्यांत ओतला आणि सांगायला लागल्या.

कॉलेजच्या पहिल्या वर्षी त्या गणितात दोनदा नापास झाल्या होत्या. शिक्षण सोडलं आणि एकोणिसाव्या वर्षी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लागल्या. कानाला हेडफोन, समोर भोकांची पाटी, हातात वायरी. याला त्याच्याशी जोड, त्याला हिच्याशी जोड, हे काम अकरा वर्षं केलं. मग आपोआप जोडणी करणारी यंत्रं आली आणि चाळीस बायकांच्या खुर्च्या गेल्या. बहुतेकींनी बिलं भरून घ्यायच्या खिडकीवरचं काम घेतलं. या मात्र नवी यंत्रं बसवणाऱ्या मेकॅनिकच्या मागे लागल्या, की या कपाटाच्या आत काय चालतं ते दाखव. त्याने वैतागून कपाट उघडलं. "ते अजून बंद झालेलं नाही," बाई म्हणाल्या.

पदवी मिळाली तेव्हा त्या तेहेतीस वर्षांच्या होत्या आणि मुलगी दुसरीत. एकाच टेबलावर दोघींचा अभ्यास चालायचा. मुलगी आधी उरकून आईला विचारायची, "तुझं झालं नाही अजून?" संस्थेत आल्या त्याही लॅबच्या तंत्रज्ञ म्हणून, वायरी जोडायला. मुलं शंका घेऊन प्राध्यापकांकडे जायच्या ऐवजी यांच्याकडे यायला लागली, तेव्हा त्या वेळच्या प्रमुखांनी पुढे शिकायला लावलं आणि एक्केचाळिसाव्या वर्षी हातात खडू दिला.

बाईंचे यजमान शिलाई मशीन दुरुस्त करायचे. सर एकदा अहवालांचा गठ्ठा द्यायला घरी गेले, तर ते खिडकीपाशी मशीनचं पोट उघडून बसलेले. सरांना बघून म्हणाले, "तुम्हालाही विचारते का हो ही, कशावरून म्हणून?"

"रोज."

"लग्नाआधी मी हिला म्हणालो, तू मला आवडतेस. तर म्हणाली, कशावरून? चौतीस वर्षं झाली, अजून पुरावे गोळा करतोय." आतून बाईंचा आवाज आला, "आणि एकही नीट लावून ठेवलेला नाही!"

सत्राच्या मध्यावर सरांनी आवाजाचा धडा घेतला. थोडंसं रेकॉर्डिंग मिळालं तर यंत्र माणसाच्या आवाजाची हुबेहूब नक्कल कशी करतं, आणि ती पकडायची कशी. नक्कल सरांच्याच आवाजाची केली, बाईंच्या कागदावर रीतसर सही करून. सगळ्यांत चांगली नक्कल जमली ती रॉकेटला. हा तेवीस वर्षांचा, अतिशय तल्लख. डोक्यात विचार येऊन पोचायच्या आधीच त्याचे हात चाललेले असायचे, म्हणून रॉकेट.

पुढच्या मंगळवारी दुपारी बाराच्या सुमाराला तो धापा टाकत लॅबमध्ये आला. सर एकटेच होते. "सर, हे ऐका!" त्याने फोनवरचं रेकॉर्डिंग लावलं. त्यात संस्थेच्या संचालकांचा आवाज होता. "ताई, जरा घाईत आहे. निकालाच्या प्रणालीचा पासवर्ड तेवढा सांगता का, प्लीज?" आणि त्यावर परीक्षा विभागातल्या ताईंचं उत्तर, "हो सर, घ्या ना लिहून."

"संचालकांचा आवाज मी बनवला," रॉकेट म्हणाला. "संस्थेच्या साइटवर त्यांची भाषणं आहेत, ती घेतली. मी आत गेलो नाही सर, शप्पथ. नुसतं दार उघडतं का बघितलं."

"भन्नाट!" सर म्हणाले.

या एका शब्दाची लाज त्यांना पुढे कित्येक वर्षं वाटत राहिली. कारण तो तोंडातून निघाला आणि त्यांनी मागे पाहिलं, तर दारात बाई उभ्या होत्या. त्यांनी रेकॉर्डिंग पुन्हा लावायला सांगितलं. पूर्ण ऐकलं.

"याचा कागद कुठाय?"

"बाई, आधी विचारलं असतं तर ताई सावध झाल्या असत्या. मग प्रयोगच..."

"ताईंना नको. संचालकांना विचारलंस? प्रमुखांना? मला?"

रॉकेटने मान हलवली, नाही.

"मग याला प्रयोग म्हणू नकोस."

तेवढ्यात खालून गलका ऐकू आला. ताई सह्या घ्यायला संचालकांकडे गेल्या होत्या आणि सहज म्हणाल्या होत्या, "पासवर्ड मिळाला ना सर?" संचालक म्हणाले, "कसला पासवर्ड?" पुढच्या पाच मिनिटांत ताईंनी कपाटाच्या किल्ल्या टेबलावर ठेवल्या होत्या. चौकशी होईपर्यंत घरी बसायचं, असा हुकूम झाला होता. बावीस वर्षं परीक्षा विभागात काढलेल्या ताई पर्स छातीशी धरून फाटकाबाहेर पडल्या, ते सगळ्या संस्थेने खिडक्यांतून पाहिलं.

बाईंनी आधी संगणक कक्षाला फोन करून निकालाच्या प्रणालीचा पासवर्ड बदलायला लावला. फोन ठेवला तसे सर खालच्या आवाजात म्हणाले, "बाई, पासवर्ड बदलला. नुकसान काही झालेलं नाही. आता हे इथेच राहू दे ना. मुलाचं वर्ष जाईल. अभ्यासक्रम पहिल्याच वर्षी बंद पाडतील." स्वतःची नोकरी अजून कायम नाही, हे ते बोलले नाहीत, पण मनात तेच सगळ्यांत पुढे होतं.

"आणि ताई?" बाईंनी विचारलं.



बाईंनी प्रमुखांना सगळं जसंच्या तसं सांगितलं. मग रॉकेटला म्हणाल्या, "चल, ताईंच्या घरी."

"बाई, तुम्हीच सांगा ना त्यांना. मला नाही जमणार."

"फोनवर उसना आवाज घेतलास. आता स्वतःचा वापर."

सरही निघाले. कुणी या म्हटलं नव्हतं, पण मागे राहणं त्यांना जड गेलं.

ताई दोन खोल्यांत राहायच्या, पहिल्या मजल्यावर. पलंगावर धुतलेल्या कपड्यांचा ढीग होता आणि त्या घड्या घालत होत्या. हे तिघं आपल्याला धीर द्यायला आलेत असं वाटून त्यांचे डोळे भरून आले. रॉकेट उभ्यानेच बोलला. अडखळत, पण काही न लपवता. त्याचं बोलून झालं तरी ताई एक उशीचा अभ्रा घडी करत राहिल्या. घडी इतकी लहान झाली की पुढे मोडेना.

"किती वेळ लागला रे तुला?"

"आवाज तयार करायला चाळीस मिनिटं. फोन... दोन मिनिटं."

"बावीस वर्षांत माझ्या हातून एक निकाल इकडचा तिकडे झाला नाही. आज शेजारच्यांनी विचारलं, लवकर कशा आलात. काय सांगू?"

ताईंनी अभ्रा बाजूला टाकला. "खरं तर मला तिथल्या तिथे कळायला हवं होतं. फोनवर साहेब 'प्लीज' म्हणाले! त्यांना येऊन सहा वर्षं झाली, एकदा म्हणाले नाहीत. मला इतकं बरं वाटलं, की मी..." आणि त्या हसायला लागल्या. हसता हसताच त्यांना रडू फुटलं. मग रॉकेटही रडला, तेवीस वर्षांचा घोडा, दारात उभा राहून.

बाई पलंगाच्या कडेला टेकल्या. "ताई, परत फोन करून खात्री करावी असं मनात आलं नाही?"

"आलं की. परत फोन करायचा असतो हे मला कळतं हो. गेल्या वर्षी केला होता. निकालाची तारीख खरंच बदलायची का, म्हणून विचारायला. साहेब म्हणाले, 'एकदा सांगितलेलं कळत नाही का तुम्हाला?' चार माणसांसमोर. तेव्हापासून नाही करत."

बाईंनी ढिगातला एक टॉवेल घेऊन घडी घातली. मग म्हणाल्या, "हे चौकशी समितीसमोर बोलाल?"

"माझी काय छाती आहे?"

"मी शेजारी बसते."

शुक्रवारी समिती बसली. संचालक, प्रमुख, ग्रंथपाल आणि आणखी दोघं. संचालकांनी आल्याआल्या निकाल लावून टाकला. मुलाला काढा, अभ्यासक्रम बंद करा, ताईंना दुसऱ्या विभागात बसवा.

बाई दाराजवळच्या खुर्चीवरून उठल्या. "मला एक सांगायचंय. एक्स्चेंजमध्ये असताना एकदा फोन आला, मी अमुक अधिकारी बोलतोय, ही लाइन ताबडतोब जोड. मला खात्री वाटेना. मी फोन तोडला आणि त्यांच्या कचेरीत लावला. अधिकारी खरेच होते. दहा मिनिटं मला झापलं. माझ्या वरच्या बाईने महिनाभर मला कोपऱ्यातल्या पाटीवर बसवलं. म्हणून दुसऱ्यांदा असाच फोन आला तेव्हा मी काही विचारलं नाही. त्या माणसाला एका बाईचा पत्ता हवा होता. मी काढून दिला. तो अधिकारी नव्हता. त्या बाईचा नवरा होता, आणि ती त्याच्यापासून लपून राहत होती." बाईंनी टेबलाच्या कडेवर हात ठेवला. "तिचं पुढे काय झालं ते मला कळलं नाही. मी पुष्कळ विचारलं. कुणी सांगितलं नाही."

धाकटे सर बाईंकडे बघत राहिले. इतकी दुपारची भांडणं, इतके चहा, आणि ही गोष्ट त्यांनी कधी काढली नव्हती.

"आता ताईंचं ऐकून घ्या," बाई म्हणाल्या आणि जाऊन त्यांच्या शेजारी बसल्या.

ताई बोलल्या. आवाज लहान होता, पण तारीख, वार, समोर कोण कोण होतं, सगळं अचूक सांगितलं. परीक्षा विभागातल्याच त्या.

संचालकांचा चेहरा उतरला. "मी खरंच असं बोललो होतो?"

"हो, सर."

ग्रंथपाल खाकरले. "मलाही एकदा... म्हणजे, ते जाऊ दे."

"नाही, बोला," संचालक म्हणाले. ग्रंथपालही बोलले.

आणि तेव्हा धाकटे सर उभे राहिले. "आवाजाचा धडा माझा होता. कसं करायचं ते मी तासभर शिकवलं, कुणावर करायचं नाही ते बाईंच्या कागदावर सोडून दिलं. आणि त्याने आणून दाखवलं तेव्हा माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला तो शाबासकीचा. हेही लिहून घ्या."

शेवटी असं ठरलं. अभ्यासक्रम चालू ठेवायचा. ताई सोमवारपासून आपल्या खुर्चीवर, संस्थेच्या लेखी माफीसह. रॉकेटचं या विषयाचं सत्र रद्द, पुढच्या वर्षी पुन्हा पहिल्यापासून. सरांचं कायम होणं सहा महिने पुढे. आणि संचालकांनी स्वतः सही करून एक पत्रक काढलं की फोनवर कुणीही, अगदी मी जरी, पासवर्ड किंवा कागद मागितला, तरी आधी परत फोन करून खात्री करावी, आणि असा फोन करणाऱ्याला कुणीही रागावून बोलणार नाही. पत्रकाचं शेवटचं वाक्य बाईंनी घालायला लावलं होतं. त्यांनी आणखी एक मागणी केली, की वर्ग आपलाही होता, तेव्हा निष्काळजीपणाची नोंद आपल्याही सेवापुस्तकात व्हावी.

"बाई, दोन वर्षं राहिलीत तुमची," प्रमुख कळवळून म्हणाले.

"म्हणून तर आजच करा, नंतर राहून जाईल."

पुढच्या आठवड्यात अभ्यासक्रमात एक तास वाढला. तो ताईंनी घ्यायचा. ताई म्हणाल्या, मी काय शिकवणार, मला तुमचं मॉडेलबिडेल काही कळत नाही. बाई म्हणाल्या, "मुलांना मॉडेल कळतं. टेबलापलीकडे बसलेला माणूस कळत नाही." ताई पहिल्या दिवशी आल्या त्या एका वहीत सगळं लिहून घेऊन. खिडकीसमोर रांग लागलेली, फोन वाजतोय, वरून बोलावणं आलंय, डोकं दुखतंय, अशा वेळी माणूस 'हो' कसा म्हणतो, ते त्यांनी सांगितलं. मग मुलांना तीन-तीन कामं एकाच वेळी करायला देऊन मधूनच फोन लावले. सायबर सुरक्षेत पहिली येणारी मुलगी चौथ्या मिनिटाला पासवर्ड बोलून गेली आणि कपाळाला हात लावून बसली. धाकट्या सरांनी तो सगळा तास मागच्या बाकावर बसून लिहून घेतला. नंतर त्यावरून त्यांनी नवा प्रयोग बसवला. आवाज खरा की खोटा एवढंच ओळखणारं मॉडेल पुरेसं नव्हतं. मागणी कसली आहे, घाई किती आहे, हेही त्याला बघायला शिकवायचं होतं. आवाजाच्या नकला मात्र स्वयंसेवकांच्याच, प्रत्येकाचा कागद भरून.

पुढच्या वर्षी रॉकेट नव्या मुलांबरोबर पहिल्या बाकावर बसला. त्याच वर्षी, कडक उन्हाळ्यात, वसतिगृहाच्या कचेरीत प्रमुखांच्या आवाजात खरोखरीचा फोन आला. मुलींचे घरचे पत्ते हवेत, तातडीने. कोण होता ते शेवटपर्यंत कळलं नाही. तिथल्या कारकुनाने "सर, दोन मिनिटांत करतो" म्हणून फोन ठेवला आणि प्रमुखांना लावला. प्रमुख जेवत होते. त्यांनी आधी त्याचे आभार मानले, मग पोलिसांना फोन केला.

ही बातमी सरांनी धावत जाऊन बाईंना सांगितली. त्या जिन्याखालच्या खोलीत अहवाल तपासत होत्या. त्यांनी पेन खाली ठेवलं, चष्मा काढला आणि थोडा वेळ भिंतीकडे तोंड करून बसल्या. सर दार ओढून बाहेर उभे राहिले. कुणी भेटायला आलं तर सांगत होते, बाई कामात आहेत, नंतर या.

बाई निवृत्त झाल्या त्याला आता तीन वर्षं झाली. निरोपाच्या दिवशी भाषणं त्यांनी होऊ दिली नाहीत. राहिलेले सहा अहवाल त्यांना तपासून द्यायचे होते. ताईंचा तास अजून चालू आहे. बाईंच्या जागी आलेल्या मॅडम वयाने धाकट्या सरांहूनही लहान आहेत, पण मुलांनी सरांचं नाव बदललेलं नाही.

मागच्या महिन्यात सर आपल्या मुलीला पोहण्याच्या शिकवणीला घेऊन गेले. तलावाच्या उथळ बाजूला पाच-सहा वर्षांची दहा मुलं कठडा धरून उभी होती आणि त्यांच्या रांगेत अकराव्या बाई, डोक्याला निळी टोपी. शिकवणारी मुलगी जेमतेम बावीस वर्षांची असेल. तिने शिटी वाजवली. बाईंनी डोळे मिटून तोंड पाण्यात घातलं, मनातल्या मनात आकडे मोजले असावेत, आणि मग नाकातोंडात पाणी जाऊन ठसकत, हसत वर आल्या. "सात!" त्या शेजारच्या पोराला म्हणाल्या. "तुझे किती झाले?"